खानापूरचा बिनरंगी खिल्लार

गोकाकचा धबधबा पाहिला. पाणी ५२ मीटरवरून कोसळतं, पण ते दिसायला आधी सेल्फीवाल्यांची भिंत हटावी लागते. बाजारात तिथली रंगवलेली लाकडी फळं घेतली आणि निघालो. त्या दिवसाचं एवढंच.

खरी मजा आली बेळगावजवळच्या खानापुरात, मित्राच्या सासुरवाडीमागच्या सुतारमामांकडे. मामा दारं-खिडक्यांतून उरलेल्या तुकड्यांची चित्रं करतात. समोर खिल्लार बैलाचं तोंड अर्धवट जुळलेलं: अंग शिवणीच्या पांढुरक्या लाकडाचं, शिंगं शिसवीची, झूल फणसाची, कपाळावरचा गोंडा खैराचा. रंगाचा डबा कुठेच नाही.

"पॉलिशमध्ये थोडा रंग मिसळता का?" मी विचारलं.

"फणस पिवळाच असतोय की! त्याला आणि काय फासू?"

म्हैसूरच्या जडावकामात शिसवीची फळी कोरून तुकडे सपाट बसवतात. इथे तसं नाही. कागदावरच्या चित्राचा एकेक भाग वेगवेगळ्या लाकडावर चिकटवायचा, दोऱ्याएवढ्या बारीक पात्यानं कापायचा, कडा घासून गोल करायच्या, मग सगळं प्लायवूडवर जुळवायचं. शिंग जाड ठेवायचं, कान पातळ, म्हणजे बैल भिंतीतून पुढे आल्यासारखा दिसतो.

अडलं ते वशिंडापाशी. शिवणीचे तुकडे ढीगभर होते, पण मामांना लाकडाची रेषाच वळलेली हवी होती. गाठीजवळ ती वळते म्हणे. पोती उपसली, पावसाळी पत्र्यामागे हात घातला. चांगला अर्धा तास गेला. मला आधी कंटाळा आला, मग मीही पोत्यात डोकं घातलं. मामी मात्र चहावर चहा आणत होत्या आणि जेवल्याशिवाय सोडणार नव्हत्या. बेळगावकडचा हा पाहुणचार मला पेलवत नाही, हे आता उघड सांगतो. शेवटी चौकटीच्या एका फुटक्या कोपऱ्यात तो तुकडा सापडला. बसवला, आणि बैलाची मान खरंच ताणली गेली!

मी तिथेच किंमत विचारली. मामांनी आधी माझ्या घराच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते विचारलं. उन्हानं फणसाचा पिवळा तांबूस पडतो, शिवणही काळवंडते. ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावणार असाल तर देत नाही, म्हणाले.

पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मोकळी भिंत एकच आहे, उन्हाची. बैल अजून खानापुरातच आहे, आणि बायको कपाट हलवायला तयार नाही.