डोळे झाकून घ्या

‘ताई, डोळे झाकून घ्या.’ हा मी पाठवलेला निरोप अजून फोनमध्ये आहे. कुठली घ्यावी म्हणून त्यांनी स्पीकरच्या दोन जोड्यांचे फोटो पाठवले होते. एकीत खालच्या स्वरांसाठी नॉर्वेचा सात इंची मॅग्नेशियम कोनचा वूफर आणि वरच्या स्वरांसाठी रेशमी डोमचा ट्वीटर, दुसरीत साधे कागदी कोन. मी युनिटांची, म्हणजे आतल्या वूफर-ट्वीटरची नावं वाचली आणि पहिल्या जोडीच्या बाजूने निकाल देऊन टाकला. पंचवीस वर्षं पुण्यात स्पीकर दुरुस्त करतोय. रोज कुजलेले फोम काढून नवे चिकटवायचे, जळालेल्या कॉइल बदलायच्या. त्यामुळे महागडं युनिट दिसलं की आमचा हात आपोआप नमस्काराला जातो.

ताई गाण्याच्या शिकवण्या घेतात. तीन आठवड्यांनी फोन आला, “अहो, तानपुऱ्यात कुणीतरी पत्रा अडकवल्यासारखं वाटतंय.” मी म्हटलं, “वाजून वाजून मोकळे होतील.” आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात सोयीचं उत्तर. वूफरची रबरी कड थोडी सैल होते, हे खरं. पण धातूचा आवाज वाजून वाजून मऊ होत नाही, हे मला ठाऊक होतं.

महिन्याभराने त्या रिक्षात घालून जोडी घेऊनच आल्या.

खोकं सुरेख होतं. सागवानी व्हिनिअर, कोपरे असे जुळवलेले की नख शिरणार नाही. बांधणाऱ्याने सगळा जीव तिथेच ओतला होता. वूफर काढून आत हात घातला, तर वूफरला एक कॉइल, ट्वीटरला एक कॅपॅसिटर. वूफर-ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर तेवढ्यातच संपला!

मॅग्नेशियमचा कोन कडक असतो. आपल्या पट्ट्यात एकदम स्वच्छ वाजतो, पण वर एका ठिकाणी घंटेसारखा घणघणतो. या वूफरचं ते टोक ५ किलोहर्ट्झच्या जरा खाली, आणि कंपनी स्वतःच ते ग्राफवर छापते. एकटी कॉइल दर ऑक्टेव्हला, म्हणजे कंप्रता दुप्पट झाली की, जेमतेम ६ डेसिबल कापते; तेवढ्याने ते टोक दबत नाही. माइक लावून स्वीप घेतला, म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळे स्वर वाजवून मोजले, तर पडद्यावर सुळकाच उभा. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांचा थवा. तो नेमका त्या सुळक्यावर जाऊन आपटत होता. तबला मात्र झकास. बांधणाऱ्याने बहुधा तबलाच ऐकून पाहिला असावा.

बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा स्पीकर केला, तेव्हा आत केईएफ कंपनीचे बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर घातले. ही युनिटं कुणालाही विकत मिळत. खरी मेहनत होती क्रॉसओव्हरमध्ये. ट्वीटरची पातळी जुळवायला त्यांनी टॅप काढलेला, म्हणजे गुंडाळीच्या मधूनही तारा बाहेर आणलेला ट्रान्सफॉर्मर बसवला होता. ही गोष्ट मी दुकानात बसून किती जणांना ऐकवली असेल! आणि ताईंना काय सांगितलं, तर डोळे झाकून घ्या.

वूफरच्या वाटेत ०.३३ मिलिहेन्रीची कॉइल आणि ३.३ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर समांतर जोडून तो घणघणाट अडवणारा सापळा लावला. तो साधारण ४.८ किलोहर्ट्झला बसतो. दोन्ही खोक्यांचा मेळ जमेपर्यंत चार संध्याकाळी गेल्या. वूफरची मुख्य कॉइल तीनदा सोडवून गुंडाळली. पोऱ्या कंटाळून म्हणाला, “दादा, कागदी वूफर टाकून मोकळे होऊ या.” चुकीचं बोलला नाही तो.

ताईंनी तानपुरा लावला, डोळे मिटून बसल्या. पाचेक मिनिटांनी म्हणाल्या, “पत्रा गेला.” मग विचारलं, “पण मग मी एवढे पैसे कशाचे दिले होते?”

मी वूफरकडे बोट दाखवलं. दुसरं काय दाखवणार?

मजुरी घेणार नव्हतो. त्यांनी ऐकलं नाही. बिलावर ‘दुरुस्ती’ लिहिलं, तर चष्मा खाली करून म्हणाल्या, “दुरुस्ती कसली? बिघडलं तर काहीच नव्हतं.” मी खोडलं आणि ‘क्रॉसओव्हर बदल’ लिहिलं. कार्बनखालच्या माझ्या प्रतीवर ते खोडलेलं नीट वाचता येतं.