तुम्ही विचारलंत म्हणून: काळोखाचे फोटो

सुट्टीत घरी आलो की मामा हमखास विचारतो, "तुझा तो डिटेक्टर म्हणजे शेवटी क्ष-किरणांचा कॅमेराच ना? मग नुसता तपासायला महिने कसे लागतात?" प्रश्न रास्त आहे. त्यातला बराच काळ आम्ही काळोखाचे फोटो काढत असतो.

हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या ३.४ किलोमीटर लांबीच्या क्ष-किरण लेसर यंत्रातून सेकंदाला २७,००० पर्यंत क्ष-किरण स्पंद निघतात, परंतु ते सेकंदभर समान अंतराने येत नाहीत; दहा तुकड्यांनी येतात आणि एका तुकडीतल्या लागोपाठच्या दोन स्पंदांत जेमतेम २२० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) असतात. तेवढ्यात चित्र बाहेर पाठवणे अशक्य असल्याने एजीआयपीडी या डिटेक्टरच्या प्रत्येक पिक्सेलला ३५२ साठवणकप्पे दिलेले आहेत. त्यांत चित्रे तात्पुरती ठेवायची आणि पुढची तुकडी येण्यापूर्वी वाचून घ्यायची. शिवाय स्पंद काही फेम्टोसेकंदांचाच असल्यामुळे फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, एकेक करून मोजता येत नाहीत, सगळे एकदमच आदळतात. म्हणून साठलेला एकूण विद्युतभार मोजावा लागतो, आणि तो वाढला की पिक्सेलमधला अॅम्प्लिफायर आपले वर्धन (संकेत किती पटींनी वाढवायचा ते प्रमाण) आपणच कमी करतो. अशा तीन पायऱ्या आहेत. त्यामुळे एका पिक्सेलवर एकच फोटॉन आणि दुसऱ्यावर हजारो, असे असले तरी दोन्ही एकाच चित्रात मोजता येतात.

आता हिशेब करा. सुमारे साडेदहा लाख पिक्सेल, प्रत्येकी ३५२ कप्पे, प्रत्येक कप्प्याच्या तीन पायऱ्या: एकंदर ११० कोटींहून अधिक ठिकाणी "काहीही पडले नसताना आकडा किती येतो" हे ठाऊक असावे लागते, आणि तापमान बदलले की तो आकडाही सरकतो. म्हणून हे काळोखाचे फोटो. १२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा फोटॉन सिलिकॉनमध्ये साधारण ३,३०० इलेक्ट्रॉन मोकळे करतो. मुळातला शून्यच डळमळीत असेल तर हा फोटॉन खरा की भास, हे सांगणार कोण? शून्य पक्के झाल्यावर तांब्याच्या पत्र्यातून निघणारे ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण पाडतो. एका पिक्सेलचे कोणते आकडे किती वेळा आले याच्या आलेखात शून्य फोटॉनचा एक उंचवटा आणि एका फोटॉनचा दुसरा दिसतो. त्या दोघांतले अंतर म्हणजे त्या पिक्सेलचे वर्धन. (हे दोन उंचवटे पहिल्यांदा सुटे दिसतात, त्या दिवशी चहा माझ्याकडून असतो.)

एकदा मात्र काळोखानेच दगा दिला. निर्वात पेटीत ठेवलेल्या एका मॉड्यूलच्या (डिटेक्टरच्या एका तुकड्याच्या) कोपऱ्यातले शून्य रोज थोडे वर यायचे. आम्ही केबल बदलल्या, शीतकरण तपासले, मॉड्यूलवरही संशय घेतला. चार दिवसांनी पेटीतला दाब मोजणारा गेज सहज बंद केला आणि डाग नाहीसा झाला. गेजमधली तापलेली तार मंद उजळत होती आणि तो प्रकाश सेन्सरच्या उघड्या कडेतून आत शिरत होता. तेव्हापासून मोजणीआधी गेज बंद आहे की नाही, हे मी स्वतः जाऊन पाहतो.