तुम्ही विचारलंत म्हणून: बफेलोचा बर्फ आणि मागच्या चाकांची गाडी

"बफेलोत राहता आणि रिअर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे मागची चाकं ढकलतात ती गाडी चालवता?" इथे न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत, मंडळाच्या दिवाळीत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा टेक्सास नाहीतर कॅलिफोर्नियातून नुकताच इकडे आलेला असतो आणि हौसेनं घेतलेली सेडान विकावी की काय, या विवंचनेत असतो. एरी सरोवर गोठेपर्यंत वारा त्यावरची वाफ उचलून आमच्या डोक्यावर बर्फ म्हणून ओततो, एवढं त्याला कुणीतरी आधीच ऐकवलेलं असतं.

विकू नका. टायर बदला.

पुढची चाकं ओढतात त्या गाडीत साधारण 60 टक्के वजन पुढे, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवरच असतं. आपल्या गाडीत मागे फार तर निम्मं. म्हणून सिग्नल सुटला की ती जागीच चाकं फिरवत बसते. हा दोष खरा, पण तो निघतानाचा. थांबताना ब्रेक सगळ्यांचे चारही चाकांनाच लागतात. ऑल-व्हील ड्राइव्हवाले, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते ते, इथेच फसतात: निघतात झोकात आणि पुढच्या चौकात थांबता थांबत नाहीत.

ऑल-सीझन टायरचं रबर साधारण 7 अंश सेल्सियसखाली कडक होऊ लागतं. विंटर टायरचं मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे चिन्ह बघून घ्या. आणि चार घ्या. "ढकलतात मागची, मग दोनच पुरे ना?" असा हिशेब आपल्याकडे पटकन होतो. पण मग गाडी निघते छान आणि वळत नाही, कारण पुढच्या चाकांना पकडच नसते. रुंद स्पोर्ट्स टायर असतील तर हिवाळ्यासाठी गाडीला चालणारा अरुंद साइझ विचारा. ताज्या बर्फात अरुंद टायर चिरत खाली जातो, रुंद वर तरंगतो.

यानंतर डिक्कीतली वाळू. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात हिवाळ्यात 60 पौंडांच्या लांबट पिशव्या मिळतात, त्यांना ट्यूब सँड म्हणतात. दोन पुरतात. त्या ठेवायच्या मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, शक्य तितक्या बरोबर वर. बंपरपाशी टाकल्या तर सी-सॉसारखं पुढचं वजन उचललं जातं, स्टिअरिंग हलकं पडतं, आणि एकदा घसरली की शेपूट जास्त जोरात फिरते. बांधूनही ठेवा, जोरात ब्रेक लागल्यावर 27 किलोची पिशवी पुढे यायला वेळ लागत नाही. जुन्या टायरवर नुसती वाळू लादून मात्र काही साधत नाही. वजन वाढलं की थांबवायचंही तेवढंच वाढतं.

टायरमधली हवा कमी करा, हा सल्ला सोडून द्या. थंडीत तापमान 10 अंश फॅरनहाइटनं उतरलं की हवेचा दाब साधारण 1 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आपोआपच उतरतो, तो भरायचा.

चालवताना सोय असेल तर दुसऱ्या गिअरात निघा. वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका: इंजिनचा ब्रेक आपल्याकडे फक्त मागच्या चाकांना लागतो आणि शेपूट सुटते. रुतलात तर ट्रॅक्शन कंट्रोल थोडा वेळ बंद करा. चाक घसरलं की तो इंजिनची ताकद कापतो आणि गाडी हलतच नाही. हळूहळू पुढे-मागे झुलवा, नाहीच निघाली तर तीच वाळू चाकाखाली टाका. साधा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) असेल तर घसरणाऱ्या चाकापुरतीच ताकद दुसऱ्यालाही मिळते, तेव्हा वाळू त्या घसरणाऱ्या चाकाखाली आधी. आणि शून्य अंश सेल्सियसच्या आसपासचा ओलसर बर्फ उणे वीसच्या कडक बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. ऊन पडलं म्हणून वेग वाढवू नका.

बर्फ गाडीच्या पोटाला लागला की मात्र टायर, वाळू सगळं फुकट. गाडी त्यावर बसते आणि चाकं हवेत. 2022 च्या डिसेंबरमधल्या ब्लिझार्डमध्ये, म्हणजे हिमवादळात, इथे चाळीसहून जास्त माणसं गेली, काही अडकलेल्या गाड्यांमध्येच. गाडी चालवायला बंदी जाहीर झाली की ऑल-व्हील ड्राइव्हवाला शेजारीही घरीच बसतो.