नागपूरच्या दप्तरांत एकाच नावाची माणसं: सिव्हिल लाइन्सच्या फेरीचा वृत्तांत

जुन्या नोंदी शोधायला नागपुरात आलेला माणूस बहुधा आधी विदर्भ अभिलेखागाराचा पत्ता विचारतो. या फेरीतून सांगण्यासारखं पहिलं हेच, की सामान्य शेतकरी, विणकर, मजूर यांचा शोध असेल तर अभिलेखागार शेवटी ठेवा. तिथे मुख्यतः सरकारचा स्वतःचा पत्रव्यवहार आहे, खातं आणि साल यांप्रमाणे लावलेला. त्यात मालगुजार (गावचा सारा भरणारा जमीनदार) भेटतो, वकील भेटतो, पेन्शन मागणारा कारकून भेटतो. रयत भेटते ती तहसीलच्या आणि गावच्या दप्तरात.

दुसरं, नाव घेऊन येऊ नका, गाव घेऊन या. 'महादेव सखाराम' एका तहसिलीत किती असतील याला हिशेब नाही. जुन्या नोंदीत आडनाव बरेचदा नसतंच. 'महादेव वल्द सखाराम, साकिन मौजा अमुक' एवढंच असतं. साकिन म्हणजे राहणार, मौजा म्हणजे गाव, वल्द म्हणजे बापाचं नाव, बाईच्या नोंदीत जौजे म्हणजे नवऱ्याचं आणि बेवा म्हणजे विधवा. हे शब्द ओळखता आले नाहीत तर 'वल्द' हेच आडनाव समजून लोक पान उलटतात.

गावाचं नावही एकटं पुरत नाही. बुद्रुक, खुर्द आणि ओस पडलेली रिठी वेगवेगळ्या मौजा असतात. पटवारी हलक्यांची (एका पटवाऱ्याकडच्या गावांच्या गटांची) फेररचना होत आल्याने आजचा प.ह.नं., म्हणजे हलका नंबर, जुन्या कागदाला लावू नका. तहसिलीही फुटल्या. आज जिल्ह्यात 14 आहेत, पण इंग्रजी अमदानीत बराच काळ नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल या चारच होत्या. नरखेडचा जुना कागद काटोलच्या नावाने मागावा लागतो, भिवापूरचा उमरेडच्या. जिल्ह्यांचंही तेच: गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यात होता, गडचिरोली 1982 पर्यंत चंद्रपुरात.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो कोतवाल पंजीला. गावच्या जन्म-मृत्यूची ही नोंद जात पडताळणीसाठी सर्वाधिक मागितली जाते, कारण मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या-त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा, पुरावा लागतो: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. यात मोठी अडचण अशी, की जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बरेचदा नसतं. 'सखाराम वल्द गोविंदा यास मुलगा' एवढंच. त्या सखारामला पाच मुलं असतील तर आपला कोणता? इथे शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर शेजारी ठेवावं लागतं. शाळेतली जन्मतारीख मात्र गुरुजींनी अंदाजाने, पुष्कळदा 1 जुलै अशी, घातलेली असते. म्हणून तारीख तंतोतंत जुळायची वाट पाहू नका. साल दोन-तीन वर्षांच्या आत बसतं का आणि त्यात दुसरा भाऊ बसत नाही ना, हे पाहा. मृत्यूची पानंही त्याच बैठकीत चाळा. लहानपणी गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्याला ठेवलेलं असू शकतं, आणि अशा वेळी एकाच बापाचे दोन महादेव निघतात.

आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याने वेगळाच घोळ होतो. महादेव वल्द सखाराम, सखाराम वल्द महादेव, परत महादेव वल्द सखाराम. दोन महादेवांत चाळीस-पन्नास वर्षांचं अंतर असतं, पण सुट्या नकलेवर साल नसेल तर दोन्ही एकच दिसतात. म्हणून नक्कल मागताना रजिस्टरचं पहिलं पान आणि पानाचा मथळा अर्जातच लिहून मागा.

नावाच्या जुळ्यांना वेगळं करणारी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे जमीन. खसरा नंबर (शेताचा क्रमांक) कळला की बंदोबस्ताच्या मिसलीपासून, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवतानाच्या दप्तरापासून, 1954-55 च्या अधिकार अभिलेखापर्यंत (जमिनीच्या हक्कनोंदीपर्यंत) माणूस हाती लागतो, कारण शेत एका बापाकडून ठरावीक वारसांकडेच जातं. नंबर दर बंदोबस्तात बदललेले असू शकतात. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. जमीन नव्हती त्यांच्यासाठी पेशा, शेजारी आणि पंजीत वर्दी (जन्म-मृत्यूची खबर) देणाऱ्याचं नाव एवढेच धागे उरतात, आणि ते कच्चे आहेत.

नोंदणी कार्यालयात सगळे इंडेक्स-2 मागतात, कारण तोच ऐकलेला असतो. तो मिळकतीचा. माणसाच्या नावाने शोधायचं तर इंडेक्स-1: दस्त करून देणारे आणि घेणारे त्यात नावाने येतात.

उलटा प्रकारही आहे: दोन वाटणारी माणसं एकच निघतात. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक घरांत थोरल्या भावाच्या शाळेच्या नोंदीत एक जात आणि धाकट्याच्या नोंदीत 'बौद्ध' आहे. त्यावरून कुटुंब वेगळं ठरवू नका.

आता अभिलेखागार. ओळखपत्र, शोधाचा हेतू लिहिलेला अर्ज, विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकाचं पत्र आणि पेन्सिल न्या. फोटोची परवानगी आधी विचारा. सूची इंग्रजीत असेल तर वानखेडे डब्ल्यूखाली आणि व्हीखाली, दोन्हीकडे पाहायचे. 1903 आधीचा वऱ्हाडी माणूस मध्य प्रांताच्या फायलींत शोधण्यात अर्थ नाही, वऱ्हाडचा कारभार तोवर हैदराबादच्या रेसिडेंटाकडे (दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीकडे) होता. महाकोशलातला (जबलपूरकडचा) माणूस असेल तर भोपाळचाही विचार करा, कारण 1956 मध्ये मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून तिकडे गेली.

राजेही या घोळातून सुटलेले नाहीत. कागदात नुसतं 'रघुजी भोसले' असेल तर पहिला 1755 मध्ये वारला, दुसऱ्याची कारकीर्द 1788 ते 1816, तिसऱ्याची 1818 ते 1853. रेसिडेंट जेन्किन्सचं नाव दिसलं म्हणून तिसराच समजणं ही हमखास होणारी चूक. जेन्किन्स 1807 पासून 1827 पर्यंत इथे होता, म्हणजे दुसऱ्या रघुजीच्या आणि मधल्या आप्पासाहेबाच्या काळातही. मोडी कागदात तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्दही तोडलेले नसतात. मोडी वाचकाला आपल्याला हवं असलेलं नाव आधी सांगू नका, नाहीतर तो तेच वाचेल.

टिपणासाठी एक कोष्टक पुरतं. दर नोंदीला एक ओळ: साल, मौजा, वल्द, लिहिली आहे तशी जात, पेशा, वय, खसरा, वर्दी देणारा, रजिस्टर आणि पान. नावाशिवाय निदान दोन रकाने जुळल्याखेरीज दोन ओळी एकत्र करू नयेत. जो महादेव आपला नाही त्याचीही नक्कल काढा. जात पडताळणीचं दक्षता पथक 'हाच कशावरून?' विचारतं, तेव्हा दुसरा का नाही हे दाखवावं लागतं. शाई वेगळी किंवा खाडाखोड असलेली नोंद हाती आली तर तिच्यावर सगळा भार टाकू नका.

मेट्रोने कस्तुरचंद पार्क किंवा झिरो माइलला उतरलं की सिव्हिल लाइन्स जवळच आहे. शनिवारी सरकारी कार्यालयं बंद, दुपारच्या सुट्टीच्या आधी अर्ज आत गेला पाहिजे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असेल तर येऊच नका: रस्ते अडवलेले आणि अधिकारी विधान भवनाच्या कामाला जुंपलेले असतात. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीच्या गर्दीने खोली मिळत नाही. मे महिन्यात दप्तरखान्यात बसवत नाही. जानेवारी-फेब्रुवारी बरा, आणि धुळीसाठी मास्क तेव्हाही लागतोच.