मांगरातला राऊटर पुन्हा घरच्या नेटवर्कात

देवगडच्या मांगरातला, म्हणजे बागेतल्या शेडमधला, जुना राऊटर रीसेट करून पुन्हा घरच्या नेटवर्कात बसवला. सेन्सर, कॅमेरा, पॅकिंगला येणाऱ्यांचे फोन, सगळं चालू आहे. वळवाच्या पावसात रात्रभर लाईट ये-जा करत होती. त्यानंतर वाय-फायचं नाव दिसायचं, पण राऊटरचं सेटिंगचं पान काही केल्या उघडेना. अडॅप्टर तपासला, व्होल्टेज बरोबर होतं. मग रीसेटशिवाय मार्ग उरला नाही.

मांडणी आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. फायबर घरात येतं. ओटीवरच्या मुख्य राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, फक्त त्याच्याकडे. तिथून काळ्या आवरणाची कॅट-६ केबल कलमांमधून मांगरात जाते. मांगरातला राऊटर आलेलं नेटवर्क फक्त वाय-फायने पसरवतो, म्हणजे तो नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट आहे. आढीतल्या आंब्यांजवळचं तापमान आणि आर्द्रता मोजणारे ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपचे सेन्सर त्याच्याशी बोलतात.

रीसेट झालेल्या राऊटरला यातलं काहीच आठवत नाही. आपणच घराचा मालक आहोत असं समजून तो स्वतःचा डीएचसीपी चालू करतो. अशा अवस्थेत त्याला केबल लावली की एका नेटवर्कात पत्ते वाटणारे दोघे होतात. फोन ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. मांगरातल्याचा घेतला, तर बाहेर जायचा रस्ताही त्याचाच धरतो, आणि तिथून इंटरनेट नाही. मालवणला एका मित्राकडे असंच झालं होतं. त्याची काकी विचारत होती, "रेंज फुल आसा, मगे फोटो कित्याक जाणा नाय रे?"

हा बिघाड लगेच दिसत नाही, म्हणून तो जास्त त्रास देतो. ज्या फोनकडे आधीचा पत्ता आहे, तो पत्त्याची मुदत अर्धी सरली की मुख्य राऊटरलाच थेट विचारून मुदत वाढवून घेतो. त्याचं सगळं सुरळीत चालतं. बंद करून चालू केलेला किंवा बाहेरून घरी आलेला फोन मात्र अडकण्याची शक्यता असते. एकेक यंत्र गळत जातं आणि घरचे म्हणतात, फायबरचीच लाईन खराब आहे.

म्हणून मांगराची केबल आधी काढून ठेवली. राऊटर चालू असताना मागचं बटण टाचणीने दाबून धरलं, दिवे लुकलुकले तेव्हा सोडलं. मग लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून तो केबलने राऊटरच्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या खाचेला, जोडला. रीसेटनंतर या राऊटरचा पत्ता १९२.१६८.०.१ होतो. काहींचा १९२.१६८.१.१ असतो, म्हणजे मुख्य राऊटरचाच. एकट्याला जोडून काम करायचं त्याचं हे दुसरं कारण.

पुढचा क्रम महत्त्वाचा. आधी लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. मुख्य राऊटर १०० पासून पुढचे पत्ते वाटतो, त्यामुळे २ कुणाला दिला जायची भीती नाही. पत्ता बदलला की उघडं पान तुटतं. केबल काढून पुन्हा लावायची आणि नव्या पत्त्यावर जायचं. डीएचसीपी त्यानंतर बंद केला. तो बंद झाल्यावर लॅपटॉपला पत्ता द्यायला कुणी नसतं, तेव्हा लॅपटॉपलाच हाताने १९२.१६८.१.५० दिला. लॅनच्या पानावर गेटवेची, म्हणजे बाहेर जायच्या रस्त्याची, चौकट असेल तर तिथे मुख्य राऊटरचा पत्ता भरा, नाहीतर अ‍ॅक्सेस पॉइंटला वेळ मिळत नाही आणि नोंदींवर भलत्याच तारखा पडतात.

वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि डब्ल्यूपीए२ सुरक्षा हुबेहूब पूर्वीसारखी ठेवली. नावात लहान-मोठं अक्षर किंवा शेवटी एखादी मोकळी जागा बदलली तरी सेन्सर ओळख देत नाहीत, आणि त्यांचे डबे उघडून नवा पासवर्ड घालत बसावं लागतं. ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, त्यामुळे तो बँड चालूच हवा. घरी चॅनल १ आहे, मांगरात ११ ठेवला, रुंदी २० मेगाहर्ट्झ. जांभ्याच्या जाड चिऱ्यातून ५ गिगाहर्ट्झ फार पुढे जात नाही, आणि पावसात चिरा भिजला की २.४ देखील मंदावतं. म्हणून मांगराला स्वतःचा अ‍ॅक्सेस पॉइंट हवाच, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी घरची केबल लॅन पोर्टात घातली, वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीचा, रिकामा. या जुन्या मॉडेलला अ‍ॅक्सेस पॉइंट मोड नाही. नव्या राऊटरांत तो असतो, आणि तिथे बहुतेक वेळा वॅन पोर्टही चालतो. केबल लावल्यावर थोड्याच वेळात सेन्सरचे आकडे येऊ लागले, आणि तेही जुन्याच पत्त्यांवरून, कारण कुणाला कुठला पत्ता राखून ठेवला ते मुख्य राऊटरकडे लिहिलेलं आहे. हे पाहून फार बरं वाटलं. लगेच सेटिंगची बॅकअप फाईल उतरवली आणि राऊटरच्या खाली मॉडेल व फर्मवेअरची आवृत्ती लिहून चिकटवली. दुसऱ्या मॉडेलची फाईल सहसा चालत नाही.

फायबरवाल्याच्या मुख्य राऊटरला टाचणी लावायची वेळ आली, तर आधी पीपीपीओईचं, म्हणजे फायबरवाल्याकडे लॉगिन करायचं, यूजरनेम, पासवर्ड आणि त्याच्या लाईनचा व्हीलॅन क्रमांक हाताशी ठेवा. ते गेले की दुरुस्तीवाल्याची वाट पाहणं आलं.

आता केबल. खाऱ्या हवेने मांगराकडच्या प्लगच्या पिना हिरवट झाल्या होत्या, त्या कापून नवीन प्लग क्रिम्प केला. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. पण दोन इमारतींमध्ये तांब्याची तार म्हणजे विजेच्या धक्क्याला रस्ता, हे मनातून जात नाही. पाऊस लागायच्या आत तिथे फायबर आणि दोन्ही टोकांना फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा मीडिया कन्व्हर्टर बसवायचा बेत आहे. कुणी तयार प्लगची फायबर चिऱ्यातून ओढली असेल, तर भोक किती मिलिमीटरचं पाडलंत आणि बाहेरून कशाने बंद केलंत, ते कळवा.