शेतीच्या तासाचे बाठे

आपली शाळा जूनमध्ये उघडायची तेव्हा हापूस संपलेला असायचा आणि वाटेवर पावसाने झोडपलेल्या रायवळांचा, म्हणजे गावठी आंब्यांचा, सडा. शेतीचे सर घाटावरचे. पहिल्याच तासाला हुकूम सुटायचा, "उद्या येताना बाठे आणा." बाठे म्हणजे आंब्याच्या कोयी.

आम्ही पिशव्या भरून नेत असू. सर ते बादलीत टाकायला लावत. तरंगला तो बाद, बुडाला तो रुजायला. एकदा वर्गातला एक जण ऐटीत म्हणाला, "सर, ह्यो हापूसचो बाठो आसा!" सर हसले. "बाठा हापूसचा खरा. झाड कसलं होईल ते त्याचं तोच ठरवणार."

मोहोरावर माश्या बसतात, कुठला पराग कुठे जातो कोण पाहतं? म्हणून हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, येतो तो रायवळ. हापूस हवा तर कलम बांधा. आमच्या आजोबांच्या वेळी भेटकलमं व्हायची. सरांनी आम्हाला दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रुळवलेलं कोय कलम शिकवलं. रोप पंधरवड्याच्या आतलं, पानं अजून तांबूस. शेंडा छाटायचा, खाच द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. माझी काडी धरली की मी दिवसभर कॉलर ताठ करून फिरायचो.

पुढे सहलीला वेंगुर्ल्याचं फळसंशोधन केंद्र पाहिलं. तिथे १९८१मध्ये प्रसारित झालेली 'रत्ना' ही आंब्याची जात म्हणजे नीलम आणि हापूस या आंब्यांचा संकर. परतताना एसटीत सर म्हणाले, "आता तिची कलमं बांधतात, पण पहिलं झाड कोयीतूनच आलं." हे मला कलम बांधण्यापेक्षाही भारी वाटलं होतं.

फणसाच्या आठळ्या मात्र खाऊन उरतील तेवढ्याच रुजायच्या; आणि त्याही ताज्याच, सुकल्या की गेल्या. शाळेमागचा फणस काप्याच्या, म्हणजे घट्ट गऱ्याच्या फणसाच्या, आठळीचा; निघाला मऊ गऱ्यांचा बरका! भिरंडाची, म्हणजे कोकमाची, तऱ्हा आणखी वेगळी. बियांची रोपं साधारण निम्मी नर निघतात, आणि नर की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही. मी कुंपणाशी लावलेलं भिरंड नर निघालं. सोलं (आमसुलं) सोडा, सरबताच्या घोटाचाही पत्ता नाही. आई म्हणायची, "बियो भिरंडेलाक दिल्यो असत्यो तर पायाच्या भेगांक तरी तेल झाला असता."

शाळेची महोत्सव समिती नव्या पटांगणाभोवती हापूसची कलमं लावणार आहे, असं ऐकलं. माझं मत वेगळं आहे. कलम खालीच फांद्या पसरतं, आणि मुलं कैऱ्यांना दगड मारणार ते आलंच. तिथे रायवळ लावा. उंच जाईल, सावली देईल आणि लोणच्यालाही कमी पडणार नाही. बाठे मी पाठवतो. खड्डे तेवढे मे महिन्यातच मारून ठेवा.