हरणीचे वजन: एका कारवान कुत्रीच्या आहाराची नोंद

हरणी आमच्या मळ्यावर आली तेव्हा दीड वर्षांची होती. तिचा जन्म जत तालुक्यातील माझ्या मामांच्या वस्तीवर झाला. त्या कोरड्या पट्ट्यात आणि पलीकडे कर्नाटकात मुधोळच्या बाजूला ज्या सडपातळ, लांब पायांच्या कुत्र्यांना लोक कारवानी म्हणतात, त्यांपैकी ती एक. आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या आत्यांनी तिच्या बरगड्यांकडे पाहून विचारले, "अगं, हिला पोटभर घालतेस ना? शेजारीपाजारी काय म्हणतील?" आत्यांच्या बोलण्यात काळजीच होती. पण तिच्या बरगड्या दिसतात याचा अर्थ ती उपाशी आहे का, हे मलाही नीट सांगता येईना. पुढचे तीन महिने मी याच प्रश्नामागे होते.

कारवान हा नजरेने सावज हेरून वेगाने धावणारा कुत्रा आहे. खोल छाती, आत ओढलेले पोट, बारीक कंबर आणि पातळ कातडी ही त्याची मूळ ठेवणच असल्यामुळे लॅब्राडोर पाहण्याची सवय झालेल्या डोळ्याला निरोगी कारवानही रोडावलेला वाटतो. पशुवैद्यक कुत्र्याची अंगकाठी १ ते ९ अशा श्रेणीत मोजतात. १ म्हणजे अतिशय कृश, ९ म्हणजे अतिलठ्ठ, आणि ४ ते ५ ही चांगली अवस्था. आमच्या डॉक्टरांनी ही श्रेणी समजावताना माझाच हात पुढे घ्यायला सांगितला. मूठ आवळून बोटांच्या पेरांवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवली तर हाडे जशी टोचतात, तशा बरगड्या लागल्या तर कुत्रा कृश आहे. पंजा सरळ पसरून त्याच्या पाठीवरून बोटे फिरवताना जसे लागते, तसे लागले तर वजन योग्य आहे. तळहातासारखे मऊ लागून हाड सापडेनासे झाले तर चरबी जास्त आहे. या जातीत शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे आणि कमरेची हाडे किंचित जाणवणे हे दोष मानू नयेत, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. पाहायचे ते मांड्यांवरचे आणि पाठीच्या कण्यालगतचे स्नायू. ते भरलेले असतील तर कुत्रा केवळ सडपातळ आहे, आणि ते खचलेले असतील तर त्याच्या अंगाची झीज होत आहे.

हरणीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते. वजन १८.२ किलो भरले. तिच्या उंचीला आणि बांध्याला ते २० ते २१ किलो असावे, असे डॉक्टरांचे मत पडले. म्हणजे आत्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती.

आहार बदलण्याआधी कारण शोधावे लागते, आणि या टप्प्यावर घाई करू नये असे मी प्रत्येकाला सांगेन. पोटातील जंत, गोचिडांमुळे होणारे रक्ताचे आजार, दातांचे दुखणे, मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह आणि स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसा न स्रवणे, यांपैकी कशामुळेही कुत्रा व्यवस्थित खाऊनही रोडावतो. शेवटच्या विकारात कुत्रा अधाशासारखा खातो, विष्ठा मात्र भरपूर, फिकट आणि तेलकट होते, आणि वाढीव खुराकाचा काहीही उपयोग होत नाही. हरणीच्या विष्ठेच्या तपासणीत अंकुशकृमींची अंडी सापडली. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. तिच्या हिरड्या मला नेहमी फिकट का वाटत, याचा उलगडा तेव्हा झाला. रक्ताच्या तपासणीत गोचीड-ताप आढळला नाही. जंताचे औषध वजनानुसार दिले, काही आठवड्यांनी त्याची मात्रा पुन्हा दिली, आणि विष्ठा पुन्हा तपासून घेतली.

त्यानंतर तिच्या ताटाकडे वळले. मामांकडे जे चालत आले होते तेच मीही पुढे चालवले होते: दिवसाला ज्वारीच्या दोन भाकरी, अर्धा लिटर गाईचे दूध आणि एक अंडे. वहीत हिशेब मांडला तेव्हा हे सारे साधारण ८०० कॅलरींच्या आसपास आले आणि त्यातील प्रथिने ३५ ग्रॅमच्या जवळपास. तिची गरज किती, हे काढण्याची रीत कोणत्याही साध्या गणकयंत्रावर जमते. अपेक्षित वजनाचा घन करावा, त्याचे वर्गमूळ काढावे, त्या वर्गमुळाचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि आलेल्या संख्येला ७० ने गुणावे. २० किलोसाठी हे उत्तर सुमारे ६६० कॅलरी येते. ही गरज झाली केवळ स्वस्थ पडून राहण्याची. घरात वावरणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी हा आकडा दीड ते पावणेदोन पट धरतात. रोज सकाळ-संध्याकाळ मळ्याला चकरा मारणाऱ्या हरणीसाठी डॉक्टरांनी दुप्पट धरला, म्हणजे १३०० कॅलरी. प्रथिनांच्या बाबतीत अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचे मानक प्रौढ कुत्र्यासाठी दर १००० कॅलरींमागे किमान ४५ ग्रॅम सांगते. त्या मापाने तिला ५८ ग्रॅमच्या वर प्रथिने हवी होती. दूध-भाकरीवर वाढलेली काटक कुत्री आपल्या गावांत पिढ्यान्पिढ्या पाहिली आहेत, आणि त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण ती कुत्री दिवसभर मोकळी हिंडून ताटाबाहेरही पुष्कळ काही खात असत, आणि आमची हरणी कुंपणाच्या आत राहते.

माझी पहिली चूक तुपाची. स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, प्रथिने आणि पिष्टमय पदार्थांत साधारण ४, हे वाचून मी भाकरीवर एकदम तीन-चार चमचे तूप घालू लागले. तिसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले आणि कमावलेले शंभर-दोनशे ग्रॅम वजनही गेले. अचानक वाढवलेल्या स्निग्धांशाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते, हे मला डॉक्टरांनी त्या दिवशी स्पष्ट शब्दांत सांगितले. बर्फाळ प्रदेशात दिवसभर गाडी ओढणारी कुत्री पुष्कळ चरबी पचवतात, कारण तासन्तास चालणाऱ्या मेहनतीला त्यांचे शरीर चरबीच जाळते. कारवानाची धाव मात्र काही सेकंदांची, उसळीची असते आणि ती स्नायूंतील साखरेच्या साठ्यावर चालते. म्हणून त्याच्या ताटातून धान्य पूर्ण काढून टाकण्याचेही कारण नाही.

शेवटी जे ताट ठरले ते असे. हाड काढलेले, कातडीविरहित कोंबडीच्या मांडीचे मांस २५० ग्रॅम, मीठ-मसाल्याशिवाय शिजवलेले, दोन उकडलेली अंडी, १२० ग्रॅम तांदळाचा मऊ भात, एक भाकरी, उकडलेले रताळे किंवा लाल भोपळा, वाटीभर दही, आणि फक्त एक चमचा तूप. याच्या १३०० कॅलरी जवळपास भरतात आणि प्रथिने ७५ ग्रॅमच्या पुढे जातात. दूध बंद केले, कारण प्रौढ कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातील साखर पचत नाही. दही तिला सोसते. जुन्या आहारातून नव्यावर येताना दहा दिवस घेतले: आधी पाव हिस्सा नवा, मग निम्मा, मग पाऊण.

मांस आणि धान्य यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. घरच्या जेवणातील ही सर्वांत मोठी उणीव असून ती डोळ्यांना दिसत नाही. शिजवलेली हाडे घालून ती भरून काढता येत नाही, कारण शिजलेल्या हाडांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या आतडे फाडू शकतात. आम्ही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत कॅल्शियम आणि खनिज-जीवनसत्त्वांची पूड घालतो. ज्यांना एवढा स्वयंपाक जमणार नाही त्यांनी चांगले तयार खाद्य घ्यावे, त्यात मला कमीपणा वाटत नाही. पिशवीवर 'संपूर्ण आणि संतुलित' असा उल्लेख आहे का, एवढे मात्र पाहावे. आपल्या ताटातील कांदा-लसूण घातलेली भाजी, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट यांपासून कुत्र्याला दूरच ठेवावे. सांगली-तासगावकडे द्राक्षबागा दारापर्यंत आलेल्या असल्यामुळे द्राक्षांची गोष्ट मी मळ्यावरच्या प्रत्येक गड्याला समजावून सांगितली आहे. लाडाने चहात बुडवून दिलेल्या बिस्किटांनी वजन कदाचित वाढेलही, पण स्नायू भरत नाहीत.

वाढीव खुराक एका वेळी घालू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तसे झाल्यास काही तासांतच जीव जाऊ शकतो. हरणी दिवसातून तीनदा खाते, आणि जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर तिला पळू देत नाही. सुरुवातीला ती पहाटे खाऊन लगेच मळ्यात सुटायची. ती सवय मोडायला दोन आठवडे लागले. उन्हाळ्यात दुपारी तिला भूक नसते, म्हणून मधले जेवण तेव्हा संध्याकाळी उशिरावर ढकलले.

वजन दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी. मी तिला उचलून साध्या काट्यावर उभी राहते आणि माझे वजन वजा करते. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्के वाढ पुरेशी, म्हणजे हरणीच्या बाबतीत दोनशे ते साडेतीनशे ग्रॅम. चौथ्या आठवड्यात काटा हलेनासा झाला तेव्हा आहार दहा टक्क्यांनी वाढवला. तिचे धावणे मात्र कमी केले नाही, कारण त्याशिवाय वाढलेले वजन मांड्यांवर न चढता पोटावर चढले असते.

अकराव्या आठवड्यात २०.६ किलो भरले. कण्यालगतचे खळगे भरून आले, हिरड्या गुलाबी झाल्या, पाठीवरचे केस चमकू लागले. शेवटच्या दोन बरगड्या अजूनही दिसतात आणि तिथेच आम्ही वाढ थांबवली आहे. आत्यांना ते अजून पटलेले नाही. परवा त्या आल्या तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन हरणीच्या पाठीवरून फिरवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण पिशवीत आणलेले बिस्किटांचे पुडे त्यांनी परत नेले. पावसाने शेतात चिखल झाला की हरणीचे पळणे निम्म्यावर येते, म्हणून या आठवड्यापासून तिच्या ताटातील भाकरी अर्धी केली आहे.